एकही ओरखडा नाही

डिट्रॉइट, ३ जून १९५६

ऑर्फा,

आधीच्या कागदावर 'प्रिय ऑर्फा' लिहिलं होतं. मग वाटलं, सहा वर्षांनी एकदम 'प्रिय' म्हटलं तर तू पुढचं न वाचताच घडी घालून शेगडीत टाकशील. म्हणून नुसतं ऑर्फा.

तुझी खबर मला झेला मावशीकडून मिळते. टेलिफोन ऑफिसात आता तू सगळ्या मुलींची वरिष्ठ झालीस, ओल्या हवेत गुडघा दुखतो, आणि गेल्या जत्रेत तू भाजलेल्या आंबटगोड रुबार्ब पायला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं जिला मिळालं तिच्याबद्दल मावशीने जे लिहिलंय ते पोस्टाने पाठवण्याजोगं नव्हतं, तरी तिने पाठवलं.

मी अजून हॅलोवेल मोटर्समध्येच आहे. आमच्या खात्यात बारा चालक, त्यात बाई मी एकटी. सकाळी आठला नवी गाडी ताब्यात घ्यायची, दिवसभर तिला चिखलातून, खड्ड्यांतून, दगडी चढावरून हाकायची आणि संध्याकाळी कुठे काय खुळखुळतं ते लिहून द्यायचं. सुरुवातीला बाकीचे अकरा माझ्या सीटवर रुमाल अंथरून ठेवायचे, राणीसाहेबांसाठी म्हणून. आता त्यांना एखादा खुळखुळाट सापडला नाही की म्हणतात, नेडाला बसवा, तिला ऐकू येईल.

आता खरी बातमी. कंपनीने 'हेरॉन' नावाची एक गाडी बनवली आहे. विकायला नव्हे, मिरवायला. फिकट हिरवी, उंचीला माझ्या कमरेएवढी, आणि छपराच्या जागी अख्खा काचेचा घुमट, चीज झाकायच्या भांड्यासारखा. वर्षभर ती प्रदर्शनांतून फिरत्या चौथऱ्यावर गोल गोल फिरली. आता वरच्या साहेबांच्या मनात आलंय की तिच्यात मोठं इंजिन घालायचं, युटातल्या मिठाच्या मैदानावर न्यायची आणि एका बाईकडून वेगाचा विक्रम करून घ्यायचा. अशा गाडीत बायकांचा आजवरचा सगळ्यात जास्त वेग ताशी एकशे सदतीस मैल आहे. तो मोडायचा. ती बाई मी.

जाहिरात खात्याचे मिस्टर कॉइल मला म्हणाले, "पुरुषाने चालवली तर लोक म्हणतील, वा, काय चालक आहे. बाईने चालवली तर म्हणतील, वा, काय गाडी आहे!" हे माझ्या तोंडावर सांगून, आपण माझी स्तुतीच केली अशा थाटात त्यांनी कॉफी मागवली. जाहिरातही लिहून तयार आहे. 'मिस नेडा ट्रस्कॉट. दहा वर्षं चाकामागे, एकही ओरखडा नाही.'

मार्च पन्नासचा विषय मी काढणार नाही. बर्फ वितळलेलं होतं, रस्ता निसरडा होता, कुणाचाही हात सटकला असता. हॉस्पिटलात तू भिंतीकडे तोंड केलंस ते आजतागायत वळवलं नाहीस, त्यालाही माझी तक्रार नाही. पण ही बातमी तुला माझ्याकडून कळावी असं वाटलं. बाबा गेल्यावर मला धान्याच्या ट्रकवर तूच बसवलंस. माझे पाय पोचत नव्हते तर पेडलांना लाकडी ठोकळे बांधलेस. दुसऱ्या कुणाला सांगू?

नेडा


मिलफर्ड चाचणी मैदानाजवळ, १५ जुलै १९५६

ऑर्फा,

माझं पत्र परत आलं नाही. याआधीची पाच आली होती, त्यांवर तुझ्या त्या टापटीप अक्षरात 'स्वीकारले नाही' असं लिहिलेलं. म्हणजे ही प्रगती आहे असं मी धरून चाललेय. मोडू नकोस.

हेरॉन दिसायला परी आहे आणि चालवायला भट्टी. तो घुमट बंद केला की पाच मिनिटांत आतली हवा उकळते. कालच्या चाचणीनंतर बाहेर पडले तेव्हा माझ्या बुटांतून पाणी निघालं. खोटं नाही. लिंडक्विस्ट म्हणून आमचा मुख्य इंजिनीअर आहे, मिनेसोटाचा स्वीडिश, दिवसाला वीस शब्द बोलतो. त्याने बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "रेडिएटर गळतोय." अठरा शब्दांचा साठा राखून ठेवून तो निघून गेला.

गंमत सोड, एक गोष्ट मला खुपतेय. एकशे वीसच्या पुढे घुमटाची मागची कड उचलली जाते. जेमतेम बोटभर, पण उचलली जाते, आणि ती उचलली की पुढची चाकं हलकी पडतात. मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. मी लिंडक्विस्टला सांगितलं. तो म्हणाला, घुमट काढून टाकू, वर नुसती छोटी काच लावू. मिस्टर कॉइल म्हणाले, "घुमट काढला तर ती हेरॉन कशी? लोकांनी फोटोत तोच पाहिलाय. आणि मिस ट्रस्कॉटचा चेहरा काचेतून दिसायला नको का?"

"एकशे चाळीसला माझा चेहरा बघण्यासारखा नसतो, मिस्टर कॉइल," मी म्हणाले.

"म्हणूनच लिपस्टिक लावून बसायचं, पोरी."

तुझ्यासारखी उत्तर द्यायची हातोटी माझ्यात नाही. युद्धात लायमाच्या डेपोत तू रणगाडे आगगाडीवर चढवत होतीस, तेव्हा एका सार्जंटने तुला विचारलं होतं, स्वयंपाक कधी करतेस? आणि तू म्हणालीस, "तुमचं डोकं तापलं की त्याच्यावरच ठेवते." ते मला त्या वेळी आठवलं, पण वापरता आलं नाही. तुझं ते तुझ्याच तोंडी शोभतं.

बाकी सगळं ठीक. कागदपत्रं झाली. एका छापील कागदावर अपघातांबद्दल रकाना होता, तो भरून सही केली. ते असो. मला गुलाबी हातमोजे दिलेत, गुलाबी स्कार्फही. गाडी हिरवी आणि मी गुलाबी, म्हणजे दोघी मिळून टरबुजाची फोड दिसू.

तुला वेळ झाला तर एकच सांग. युद्धात तू डेपोची अँब्युलन्सही चालवायचीस. ती रिकामी असताना बाजूचा वारा लागला की तू काय करायचीस? चाक घट्ट धरायचीस की सैल?

नेडा


वेंडोव्हर, युटा, २१ ऑगस्ट १९५६

ऑर्फा,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलंय आणि तिन्ही वेळा मिठाच्या मैदानाचं वर्णन करत बसले. ते पांढरं आहे, सपाट आहे, त्यावर नाकासमोर काळी रेघ मारलीय आणि तिच्यावरून अकरा मैल जायचं. बस. वर्णन संपलं.

आज दुपारी मोटेलच्या अंगणात वार्ताहर जमले होते. मी गुलाबी हातमोजे घालून हेरॉनच्या काठावर बसले होते, पाय एकावर एक, जसं सांगितलं तसं. तेवढ्यात टोलेडोच्या पेपरची एक बाई पुढे आली. एडविना प्रुइट नाव, पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली, बुटांना मीठ चिकटलेलं. तिने विचारलं, "तुम्ही फिंडलीच्या ना? तिथे काउंटीचं फिरतं वाचनालय होतं. ती गाडी झाडावर घालणारी ट्रस्कॉट तुमची कोण?"

मी 'बहीण' एवढं म्हणून पुढचं काही बोलायच्या आत मिस्टर कॉइल खूश होऊन ओरडले, "बहीण? सख्खी? अरे, मग हीच बातमी! एक बहीण खड्ड्यात, दुसरी विक्रमावर!" सगळे हसले. फोटोग्राफर म्हणाला, मिस ट्रस्कॉट, इकडे बघा.

मी इकडे बघितलं. आणि हसले.

ऑर्फा, उद्या ते छापून येईल. टोलेडोचा पेपर तुमच्या ऑफिसात दहाच्या सुमारास येतो आणि मुली तो आळीपाळीने वाचतात, हे मला मावशीमुळे माहीत आहे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला चार दिवस. म्हणजे आधी ते हसणं पोचणार आणि मग मी.

म्हणून आता सरळ लिहिते. गाडी मी चालवत होते. तू पुस्तकं पोचवून परतत होतीस, मी सुट्टीवर आले होते, आणि मीच मागे लागले की मला दे, किती दिवसांत हे धूड चालवलं नाही. ब्लँचर्डच्या पुलाअलीकडच्या वळणावर मी साठाने होते. तिथे पस्तीसने जातात. एल्मचं झाड तुझ्या बाजूने आत आलं. मी चाकामागून घसरत बाहेर पडले, मला खरचटलंसुद्धा नाही. तुला ओढून बाहेर काढलं. चिखलात सगळीकडे पुस्तकं पडली होती आणि तू डोळे उघडत नव्हतीस. शेरीफ आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, "ऑर्फाच चालवत होती ना?" गाडी तुझी, काम तुझं, दुसरं कोण असणार? मी म्हणाले, "हो."

एवढंच. एक शब्द. पुढच्या सोमवारी हॅलोवेलमध्ये माझी मुलाखत होती.

त्या एका शब्दापायी तुझा परवाना गेला, गाडी गेली. वाचनालय मंडळाच्या सभेत ते लोक म्हणाले की बाईच्या हातात एवढी गाडी द्यायलाच नको होती. तू एकदाही तोंड उघडलं नाहीस. आणि मी दर महिन्याला पगार घेऊन बायकासुद्धा गाडी चालवू शकतात हे जगाला सिद्ध करून दाखवत राहिले.

उद्या सराव आहे, परवा खरी धाव. परवा काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाहीये. ठरलं असतं तर तसं लिहिलं असतं.

नेडा


वेंडोव्हर, २३ ऑगस्ट १९५६

ऑर्फा,

झालं. दोन्ही झालं. आधी गाडीचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

नियम असा की मोजलेला मैल एकदा इकडून जायचा आणि तासाभरात तोच तिकडून यायचा. दोन्ही वेगांची सरासरी तोच विक्रम. एकीकडून वाऱ्याचा फायदा मिळाला तर परतताना तो फिटतो.

सकाळी सातला वारा पडला होता तेव्हा मला आत बसवलं आणि घुमट लावला. पहिल्या चार मैलांत मी नुसता वेग वाढवत नेला. एकशे वीसच्या पुढे मागची कड उचलली, ठरल्यासारखी. चाक सैल झालं. तुझं उत्तर आलं नव्हतं, म्हणून मी माझ्या मनाने सैलच धरलं, बोटांच्या टोकांवर, आणि गाडीला थोडं इकडेतिकडे जाऊ दिलं. ती परत रेघेवर आली. मग मैलाचा पहिला खांब, दुसरा खांब, आणि बरोबर त्याच वेळी डोक्यामागे बंदुकीसारखा आवाज. घुमटाला इकडून तिकडे तडा गेला होता. एकशे सेहेचाळीस.

थांबायला मला पावणेतीन मैल लागले. लिंडक्विस्ट ट्रकमधून आला, तडा पाहिला आणि पाना काढला. मागोमाग मिस्टर कॉइल धावत आले. "काढायचा नाही! फोटो काय काढू मी? उघडी गाडी?"

लिंडक्विस्ट म्हणाला, "हा फुटला तर तिच्या डोक्यात जाईल."

"चिकटपट्टी लावा!"

"तुम्ही बसता का आत?" लिंडक्विस्ट म्हणाला. "मी लावतो चिकटपट्टी."

कॉइल बसले नाहीत. घुमट निघाला. माझ्याकडे गॉगल होता तो मी लावला, गुलाबी स्कार्फ तोंडाला बांधला. लिंडक्विस्टने सांगितलं, "पाच-सहा मैल कमी पडतील. एकशे एकोणतीसच्या खाली जाऊ नकोस, मग जमलं." तासातली बावीस मिनिटं उरली होती.

ऑर्फा, ती परतीची धाव मी आयुष्यभर विसरणार नाही. वारा तोंडावर हातोडीसारखा बसत होता. दातांत मीठ, कानांत मीठ. पण गाडी! वरचं ओझं गेल्याबरोबर ती शहाणी झाली. चाकं जमिनीला धरून, रेघेवरून सरळ. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही, बहुतेक शिव्याच. एकशे चाळीस. सरासरी एकशे त्रेचाळीस. विक्रम झाला.

मला गाडीतून बाहेर काढलं. लिंडक्विस्टने माझा हात इतका वेळ हलवला की खांदा दुखला. मग कॉइलनी एक काळी पाटी माझ्या हातात दिली, वर खडूने १४३, आणि खाली लिहिलेलं, 'दहा वर्षं, एकही ओरखडा नाही.' सगळे कॅमेरे समोर. कॉइल म्हणाले, "पाटीवरचं मोठ्याने वाच, पोरी, रेडिओवालेपण आहेत."

मी वाचलं, "एकशे त्रेचाळीस." आणि थांबले.

"पुढे?"

"पुढचं खरं नाही," मी म्हणाले. "एक अपघात झालाय. मार्च एकोणीसशे पन्नास, फिंडली. पुस्तकांची गाडी माझी बहीण नाही, मी चालवत होते. शेरीफला मी खोटं सांगितलं. परवाना तिचा गेला, जायला माझा हवा होता."

इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. मग कॉइल हसत पुढे आले, "ऊन लागलंय हो तिला! काय बोलतेय तिला कळत नाहीये. दमलीये."

लिंडक्विस्ट पाना पुसत म्हणाला, "मला तर शुद्धीत दिसते."

एडविना प्रुइटने वही उघडली. तिने एकच प्रश्न विचारला. "बहिणीचं नाव नीट सांगा. परवा मी नुसतं 'एक बहीण' लिहिलं होतं."

मी सांगितलं. एकेक अक्षर.

मोटेलवर आल्यावर मी काउंटीच्या शेरीफला सगळं लिहून, शपथेवर सही करून पत्र टाकलं. त्याची नक्कल सोबत आहे. ती तुझी. तिचं काय करायचं ते तू ठरव.

आता मला झोप येतेय, दुपारचे दोन वाजलेत तरी.

नेडा


डिट्रॉइट, १४ ऑक्टोबर १९५६

प्रिय ऑर्फा,

तुझं पत्र आलं. ते पाकीट मी पूर्ण दिवस टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरत होते. आमची घरमालकीण म्हणाली, "अगं, चावत नाही ते." तिला काय माहीत, तुझी पत्रं चावतात.

आधी माझ्या इकडचं. नोकरी गेली. कुणी ओरडलं नाही, नुसतं माझ्या कपाटाचं कुलूप बदललं. विक्रम मात्र वेळ नोंदणाऱ्या घड्याळवाल्यांच्या वहीत माझ्याच नावावर आहे, तिथे कंपनीचं काही चालत नाही. जाहिरात आली, पाहिलीस का? फोटो त्याच धावेचा. पण चित्रकाराकडून काचेचा घुमट परत चितारून घेतलाय आणि आतली मी पुसून टाकलीय. हेरॉन मिठावरून एकटीच धावतेय, आत कुणीही नाही. लिंडक्विस्टने तो अंक मला पाठवला आणि समासात लिहिलं, 'छान चालवते ही "कुणीच नाही".' माझ्या नव्या नोकरीसाठी तो तीन ठिकाणी बोललाय. तीन ठिकाणी! त्याचे महिन्याभराचे शब्द संपले असतील. शेरीफने माझा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतलाय, तेव्हा तूर्त मी बसने फिरते आणि बसवाल्याच्या चुका मोजते.

आता तुझं पत्र. ते मला पाठ झालंय, तरी त्यातलं थोडं इथे उतरवते, म्हणजे मी ते वाचलंय आणि चुकवलं नाहीये हे तुला कळेल.

तू लिहिलंस, 'तू गाडी चालवतेस तशीच लिहितेस. वळण आलं तरी पाय काढत नाहीस. चार पत्रांत सगळं सांगितलंस आणि जे सांगायचं तेच राहिलं. शेरीफला तू हो म्हणालीस ते मला फारसं लागलं नाही. तू घाबरलेली होतीस. मी शुद्धीवर असते तर मीच म्हणाले असते, माझं नाव सांग, सोमवारी मुलाखत आहे. लागलं ते दुसरंच. हॉस्पिटलात आपण दोघीच होतो. नर्ससुद्धा बाहेर गेली होती. तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, रस्ता निसरडा होता, ऑर्फा, तुझा काय दोष. नेडा, तू मला क्षमा केलीस! दोघींनाही खरं माहीत असताना, ऐकायला तिसरं कुणी नसताना. मला वाटलं, हिला आता माझ्यापुढेसुद्धा खरं बोलायची गरज वाटत नाही. मग मी भिंतीकडे वळले. भिंत तरी खोटं बोलत नव्हती.'

हे मी गाळलं होतं. विसरले नव्हते. बाकीचं सगळं लिहिण्याची ताकद होती, एवढं एक नव्हती.

आणि मग शेवटी तू लिहिलंस की पुलाच्या अलीकडे 'दाब अजून, बघू तरी हे पुस्तकांचं धूड किती पळतं,' असं तू म्हणाली होतीस. ते मी एकाही पत्रात लिहिलं नाही, तर ते मला आठवत नाही की तुझ्यासाठी गाळलं, असं तू विचारलंस. आठवतं. तू हसत होतीस. टोपी मागे सारली होतीस. तू कितीही म्हणालीस तरी पाय माझा होता, म्हणून लिहिलं नाही. 'मी तरी कुठली संत,' असं तू लिहिलंयस, ते मला मान्य आहे. तुला संत म्हणायचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

परवान्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालीस हे मावशीने कळवलं. क्लच दाबायला गुडघा वाकत नाही म्हणून तिच्या कोठारातली क्लच नसलेली जुनी गाडी तू घेतलीस तेही. वाचनालय मंडळाचे मिस्टर हॉस्लर तुला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे जातात हे वाचून मी एकटीच खूप हसले. पुस्तकांची गाडी त्यांनी परत दिली नाही, ती अजून त्यांचा जावईच चालवतो, आणि सगळ्या शेतांवर नुसती काउबॉयांची पुस्तकं वाटतो. त्याचं हसू आलं नाही.

तू शेवटी लिहिलंस, 'यायचं तर ये.' तीनच शब्द. येते. तीन नोव्हेंबर, शनिवार, बस टोलेडोला दोन वाजून दहा मिनिटांनी.

नेडा


फिंडली, ४ नोव्हेंबर १९५६
(वरची खोली)

प्रिय ऑर्फा,

तू खाली स्वयंपाकघरात आहेस आणि मी वर बसून तुला पत्र लिहितेय. वेडेपणा आहे. पण सहा वर्षांत जीभ गंजलीय, आणि लेखणी नुकतीच चालू झालीय.

काल तू मला घ्यायला आलीस. मी ठरवलं होतं की चाकामागे तू, मी बाजूला, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. तू ताशी तीस मैलांनी निघालीस. टोलेडो ते फिंडली! मागे सहा ट्रक, सगळे भोंगे वाजवताहेत. तू आरशात पाहून म्हणालीस, "वाजव बाबा, वाजव. तुझाच भोंगा आहे." मी खिडकीबाहेर बघत होते. तू म्हणालीस, "बोल. पोटात ठेवलंस तर दुखेल."

"छान चालवतेस," मी म्हणाले.

"खोटारडी," तू म्हणालीस. तो शब्द गाडीत पडला आणि तो उचलायचा कुणी ते कळत नव्हतं. मग तूच हसायला लागलीस. मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेव्हा मात्र तू वीसवर आलीस आणि मागच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढून आपल्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला.

मग पेट्रोल घ्यायला व्हॅन ब्युरेनला थांबलो. ती बाई आठवते? पिठाने माखलेला ॲप्रन, हातात अंड्यांची टोपली. तिने तुझ्याकडे बघितलं, जवळ आली आणि म्हणाली, "तू पुस्तकांच्या गाडीवरची ना? दर दुसऱ्या गुरुवारी यायचीस. तू गेल्यापासून माझ्या सासूला कुणी मनासारखं पुस्तक दिलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. पेपर तिनेही वाचला होता, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आणि ही ती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला जे म्हणायचं होतं ते सगळं तयार होतं.

पण तू आधी बोललीस. "ही माझी बहीण, नेडा. एकशे त्रेचाळीसने जाते. तेवढं सोडलं तर चांगली आहे."

त्या बाईने मला दोन अंडी दिली. का, ते मला अजून कळलेलं नाही. घरापर्यंत मी ती मांडीवर धरून बसले, आणि तयार असलेलं सगळं तसंच राहिलं.

म्हणून इथे लिहिते. हॉस्पिटलातल्या त्या खोलीत म्हणायला हवं होतं ते. रस्ता निसरडा नव्हता, ऑर्फा. म्हणजे होता, पण दोष त्याचा नव्हता. मी चुकले. तुझं काम गेलं, तुझा गुडघा गेला, आणि वर मी तुलाच धीर दिला. मला क्षमा कर. आज नाही जमलं तर नंतर कर. मी एप्रिलपर्यंत इथेच आहे, गाडी चालवता येत नाही, पळून जाऊन जाऊन जाणार कुठे?

तू हाक मारलीस. बटाटे गार होताहेत म्हणे.

दुसऱ्यांदा मारलीस, आणि आता माझं पूर्ण नाव घेऊन. तिसऱ्या हाकेला तू जिना चढून वर येशील, आणि त्या गुडघ्याने तुला मी जिना चढू देणार नाही. हे पत्र हातातच घेऊन येते. ताटाशेजारी ठेवते. आधी जेव, मग वाच.

आले.

नेडा